दोन देवदूतांची उचकी

१

बोकड मेला होता आणि बाहेर लोक अजून टाळ्या वाजवत होते.

मी चर्चच्या वस्त्रघराच्या दारात उभी होते, व्हिएल, म्हणजे दांड्याने चाक फिरवून वाजवायचं माझं तारवाद्य, पोटावर बांधलेलीच. आत दगडी फरशीवर गास्पार आडवा. अंगावर बिशपचा झगा, डोक्यावर बोकडाचं चामडी मुंडकं, हातांना बांधलेले लाकडी खूर. मला वाटलं, सोंग करतोय. खेळ संपला तरी याची सोंगं संपायची नाहीत, वीस वर्षं बघत आले होते.

"ऊठ रे मेल्या," मी म्हटलं. "लोक बोलावतायत."

तो उठेना. मी पायाने हळूच ढोसलं, तर अख्खं अंग ओल्या पोत्यासारखं हललं. 

मी जन्माची भित्री. मांजर आडवं गेलं तरी कडेने जाणारी. आणि माझ्यासमोर हे. मी मागे सरकून पुन्हा दारातच उभी राहिले. शेवटी ढोल वाजवणारा मार्सो, कुणाकडून तरी ढोल उतरवून घेऊन, मागून आला, त्याने मला बाजूला केलं आणि गुडघ्यावर बसून मुंडक्याच्या नाड्या सोडायला लागला. नाड्या मानेमागे असतात. हातांत खूर असले की घालणाऱ्याला त्या स्वतः सोडता येत नाहीत. बांधायला माणूस लागतो, सोडायलाही लागतो.

मुंडकं निघालं. गास्पारचे ओठ निळे पडले होते. मुळात दम्याचा माणूस तो.

मार्सोने मुंडकं उलटं करून बघितलं. श्वासाला आणि गायला ठेवलेली तोंडाची फट आतपर्यंत गच्च भरलेली होती. पांढऱ्या, लांब धाग्याच्या कापसाने.

तसा कापूस आमच्या मंडळीत एकीच्याच डब्यात असतो. तारांना चाक खरखरीत घासू नये म्हणून मी तो तारांभोवती गुंडाळते.

२

आमचं सोंग जुनं, सातशे वर्षांपूर्वीचं. कुण्या कारकुनाने राजाला आणि पाद्र्यांना चिमटे काढायला लिहिलेलं. गावचा बोकड बिशप होतो आणि मोठमोठी माणसं हातावर मीठ घेऊन त्याला चाटवायला रांग लावतात. दर नोव्हेंबरात व्हेर्नुआच्या मठाच्या चर्चमध्ये आम्ही ते करतो, त्याच काळची वाद्यं आणि त्याच काळचं गाणं घेऊन. लोक पोट धरून हसतात. पाद्रीबाबा सगळ्यात जास्त.

शेवटी एक जागा आहे. बोकड राज्याभिषेकाचे कपडे करायला वस्त्रघरात जातो आणि वर दगडी सज्जात, लाकडी जाळीमागे, दोन देवदूत गातात. एक सूर याचा, पुढचा तिचा, परत याचा, परत तिचा. याला आम्ही उचकी म्हणतो, आणि खेळ तिच्यावरच संपतो; बोकड मग फक्त टाळ्या घ्यायला बाहेर येतो. खाली मी एकटी दांडा फिरवत एकच सूर धरून बसते. देवदूत म्हणजे माझी लेक सिडोनी आणि तिचा होणारा नवरा तांक्रेद. त्याचा आवाज पुरुषाचा असून तिच्याइतकाच उंच. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठलं ते कळू नये असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीबाबांच्या जेवणघरात चौकशीला आलेल्या पोलीस कप्तान लुव्हे बसल्या होत्या. जाडजूड बाई, नाक वाहतंय, समोर कागदाच्या पुडीत चीजचे गरम गोळे. मला एक देऊ केला. मी तो घेतला आणि तसाच हातात धरून बसले.

"मुखवटा कुणी बांधला?"

"मी."

"कापूस कुणाचा?"

"माझा. पण डबा वस्त्रघरातच असतो, उघडा."

"तुम्ही मारलंत?"

"अहो, झुरळ मारायचं तर मी शेजाऱ्याला बोलावते!"

बाई हसल्या नाहीत. नाक शिंकरलं. "खरंय. चारशे माणसं सांगतात की तुम्ही स्टुलावरून हलला नाहीत. वस्त्रघराला दारं किती?"

"एक बाहेर अंगणात. एक चर्चच्या बाजूच्या वाटेवर, तिथे खांबाआड मार्सो ढोल घेऊन उभा असतो. आणि एक गोल जिना, वर सज्जात जाणारा."

"अंगणाचं दार उघडं सापडलं. कुणीतरी बाहेरून आलं असेल, असं तुमचा जावई म्हणतो."

"असेलही," मी घाईने म्हटलं. बाहेरचा कुणी असला तर किती बरं, असं मला झालं होतं.

"अंगणात लिंडेनच्या झाडांच्या ओल्या पानांचा चिखल आहे. मी नुसती चार पावलं आले तर हे बघा माझे बूट. वस्त्रघराची फरशी लख्ख आहे, पेरीनबाई. त्या दारातून कुणी आलं नाही. ते दार उघडून ठेवलं गेलं." त्यांनी गोळा तोंडात टाकला. "म्हणजे घरचंच माणूस. मार्सोचं आणि गास्पारचं सकाळी भांडण झालं होतं ना?"

"ते दोघं रोज भांडतात. ढोल मोठा वाजतो म्हणून."

"बरं. एक सांगा. काल तुम्हाला भीती कधी वाटली? प्रेत बघितल्यावर नाही. त्याच्याआधी."

मी विचार न करता बोलून गेले. "एकदा. उचकी चालू असताना. क्षणभर मला माझाच सूर एकटा ऐकू आला. अंगावर सर्रकन काटा आला."

"का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आपण काय बोललो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. 

"असंच," मी म्हटलं. "वय झालं आता."

बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला वाटलं, या बाईला सगळं कळलंय.

३

काय कळलं होतं मला, ते सांगते.

उचकीत रिकामी जागा नसते. एक गप्प बसतो तेव्हा दुसरा गातो, आणि गप्प बसतो तेवढ्यात श्वास घेऊन मोकळा होतो. दोघं असताना सूर तुटणं शक्यच नाही. खाली मी माझा एक सूर धरून असते, त्याच्यावर सतत कुणी ना कुणी असतं. पंधरा वर्षांत मला माझा सूर एकटा कधी ऐकू आला नव्हता.

काल आला. लांबलचक ओळीच्या अगदी शेवटी, जिथे छातीतला वारा संपावा तिथे.

म्हणजे वर दोघं नव्हते. एकच जण दोघांचं गात होतं, बाकीचे श्वास चोरून घेत होतं आणि इथे मात्र त्याला उघड श्वास घ्यावाच लागला.

पण कोण?

आता माझ्या भीतीचं मूळ ऐका. काल सकाळी गास्पार मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "पेरीन, खेळ झाला की तुझ्याशी बोलायचंय. सिडोनीबद्दल. आत्ता नको, तू वाजवायची नाहीस नीट." मला वाटलं, पोरीला काढून टाकतोय. गेले काही महिने ती सुरात नव्हती, वाळून चालली होती, तालमीला उशिरा यायची. पोरीचा तर जीव होता या मंडळीत. आणि गास्पार हे तिच्याशीही बोलला असला तर?

गोल जिना उतरून खाली कोण गेलं? तो की ती?

मार्सोच्या निरोपाने मी भानावर आले. त्याला चौकीवर नेलं होतं. जाताना म्हणे तो ओरडला, "पेरीनला सांगा, माझ्या कुत्र्याला बघ!" सत्तरीचा माणूस, बायको गेलेली, एक कुत्रा आणि एक ढोल. मी तोंड उघडलं तर तो सुटणार होता. पण मी तोंड उघडलं तर माझी मुलगी कुठे जाणार होती?

कुत्र्याला खायला घातलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. कुत्रा बिचारा माझे हात चाटत राहिला.

४

सिडोनीला गाठलं ती बेकरीच्या मागे. तांक्रेद पाव आणायला आत गेला होता. काचेतून तो आम्हाला बघत होता, हसून हात करत होता.

"सिडोनी, खरं सांग. काल तू सज्जातच होतीस ना?"

"होते."

"पूर्ण वेळ?"

"हो म्हटलं ना, आई!"

"आणि तो?"

तिने बाही खाली ओढली. तशी ती ओढतच होती, बोटांपर्यंत. "तोही होता. दोघं होतो. उचकी एकट्याने गाता येते का कधी? तूच शिकवलंस ना मला?"

"मीच शिकवलं. म्हणून विचारतेय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या पोरीचा चेहरा मी ओळखत नाही होय? चोरी पकडल्यावर पडतो तसा तो नव्हता. लहानपणी विहिरीत डोकावताना तोल गेला होता तिचा, तेव्हा असा पडला होता.

"आई, तू कप्तानांना काही बोललीस का?"

"नाही."

"नको बोलूस. तुझ्या पाया पडते."

दारावरची घंटा वाजली. तांक्रेद पावाची कागदी पिशवी घेऊन आला, तिच्या मानेवर हात ठेवला. "काय मायलेकींची खलबतं? चला, आई, थंडी फार आहे. तुम्हाला सोडतो घरी."

"मी चालत जाईन," मी म्हटलं. निघालेही तशीच.

घरी कप्तान लुव्हे माझ्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

५

"मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमचा जावई मघाशी फुशारकी मारत होता. म्हणे, कप्तानबाई, या गाण्यात निमिषभरही जागा रिकामी नसते, चारशे लोकांना विचारा, आम्ही दोघं सूर न तोडता गायलो. आणि तुम्ही म्हणता, तुमचा सूर एकटा पडला. दोन्ही खरं कसं असेल, सांगा बरं."

मी किल्ली काढून दार उघडायला लागले.

"भ्यालात का?"

"फार," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग बोलू नका. फक्त ऐका. दुपारी चर्चमध्ये या, वाद्य घेऊन."

दुपारी चर्च रिकामं होतं. मार्सोला आणलं होतं, त्याच्या बाजूला दोन शिपाई. सिडोनी आणि तांक्रेद बाकावर. मी स्टुलावर बसले, दांडा हातात धरला.

"आधी दोघांनी गा," बाई म्हणाल्या.

दोघं वर गेले. जाळीमागे दिसेनासे झाले. मी चाक फिरवलं. एक सूर त्याचा, एक तिचा. काय गायले! माझा सूर त्यांच्याखाली झाकून गेला, एकदाही उघडा पडला नाही.

"आता एकेकाने. दोघांचं एकट्याने. आधी तुम्ही, तांक्रेद. मुली, तू खाली ये."

तांक्रेद वरून हसला. "अहो, अशक्य आहे ते!"

"प्रयत्न तर करा."

त्याने केला. पाचव्या सुरालाच थांबला, परत सुरू केलं, धापा टाकत चार ठिकाणी तोडलं. मला दिसत होतं की हा मुद्दाम करतोय. असा कच्चा गवई तो नव्हे. खाली येऊन हात झटकत म्हणाला, "बघितलंत? कुणालाच जमायचं नाही."

"आता तू जा, सिडोनी," बाई म्हणाल्या.

ती जिन्याकडे गेली. तांक्रेद माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड, उबदार हात. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, नीट ऐका हं. नीट विचार करून बोला. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

 त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. तरीही मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली, आणि मग दिसली ती ओढलेली बाही. माझ्या मुलीने सबंध उन्हाळा लांब बाह्यांत काढला होता.

मी चाक फिरवलं.

सिडोनीलाही घोटाळा करता आला असता. तिने पण धापा टाकल्या असत्या, चार ठिकाणी तोडलं असतं, तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी डोळे मिटून तेच मागत होते: तोड, बाळा, तोड.

तिने तोडलं नाही. दोघांचे सूर ती एकटी उचलत गेली, इकडचा, तिकडचा, इकडचा, एका श्वासात, लांबच लांब. खांद्यावरची बोटं रुतायला लागली. ओळीचा शेवट आला. मला ठाऊक होतं कुठे.

तिथे तिने श्वास घेतला. लपवून नाही, नाकातून नाही. तोंड उघडून, खच्चून, साऱ्या चर्चला ऐकू जाईल असा. आणि खाली माझा सूर एकटाच राहिला.

मी दांडा सोडला.

"पेरीनबाई?" कप्तान म्हणाल्या.

"आई," तो कानात म्हणाला.

"हीच जागा," मी म्हटलं. आवाज इतका कापत होता की मला परत सांगावं लागलं. "काल हाच श्वास ऐकला मी. इथेच. वर सिडोनी एकटी होती. हा नव्हता."

खांद्यावरचा हात गळ्याकडे सरकला. तेवढ्यात मार्सो, शिपायांना न जुमानता, बाकावरून उठला आणि म्हाताऱ्याने आपलं अख्खं धूड तांक्रेदवर घातलं. दोघं खाली कोसळले. शिपाई धावले.

वरून जाळीतून सिडोनीचा आवाज आला. "मी एकटीच होते. तो खाली गेला होता."

६

कप्तान लुव्ह्यांनी मला नंतर सगळं जुळवून सांगितलं. बाहेरून कुणी आलेलं नाही, हे फरशीने सांगितलं होतं. मार्सोवर त्यांचा संशय टिकला नाही, कारण त्याच्या खांद्याला झोळीसारखा पट्ट्याने अडकवलेला ढोल काढायला दुसरा माणूस लागतो, आणि ढोल घेऊन त्या अरुंद दारातून जाताच येत नाही. त्यांनी स्वतः ढोल बांधून बघितलं होतं म्हणे, आणि अडकल्या होत्या. त्याला चौकीवर नेलं ते खरा माणूस निर्धास्त व्हावा म्हणून. उरला जिना. वरच्या दोघांची साक्ष एकमेकांचीच होती, आणि ती मोडायला माझ्या कानांखेरीज काही नव्हतं.

"पण खाली तीच गेली नव्हती, हे तुम्हाला कसं माहीत होतं?" मी विचारलं.

"नव्हतं माहीत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर गायला लावलं. त्याने जे करून दाखवलं त्यात मला एकच दिसलं, की तो ते जमत नाही असं दाखवायला धडपडतोय. मुलगी मात्र ते जमतं असं दाखवायला धडपडली. तिचे दंड दाखवले तिने मला मग. तुमच्या गास्पारने ते बघितले होते, ती कपडे बदलताना. तिच्यासमोरच त्याने तांक्रेदला सांगितलं होतं, खेळ संपला की तिच्या आईला सांगणार म्हणून."

म्हणजे गास्पारला मला तेच सांगायचं होतं. आणि मी काय समजून बसले होते! मेलेल्या माणसाची माफी कुठे जाऊन मागायची?

संध्याकाळी सिडोनी माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यात कांद्याचं सूप, वर पावाचा तुकडा मऊ होऊन बुडाला होता. हात लावला नव्हता तिने.

"मला म्हणाला, दोन कडवी तू सांभाळ, मी गास्पारकाकांची माफी मागून येतो," ती म्हणाली. "मला इतकं बरं वाटलं, आई. माफी मागतोय म्हणून मी जीव तोडून गायले. मग तो वर आला आणि बरोबर आपल्या सुरावर लागला. एक सूर चुकला नाही. इतका छान तो कधीच गायला नव्हता. काका गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने नुसतं ओठांवर बोट ठेवलं."

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. तिने बाह्या वर केल्या होत्या. पिवळे, हिरवे, जांभळे डाग. मला बघवत नव्हतं, तरी बघितलं.

"मला का नाही सांगितलंस गं? सगळा उन्हाळा?"

"तुला?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. "तू किती घाबरली असतीस."

ते खरं होतं. मी घाबरलेच असते, थरथर कापले असते, रात्र रात्र झोपले नसते. पण घाबरत का होईना, मी तिला घरात घेतलं असतं आणि दार आतून लावलं असतं. एवढं तर मला येत होतं. पण हे तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं, आता नुसतं सांगून काय उपयोग होता?

मी उठले, दाराला कडी घातली आणि तिचं सूप परत गरम करायला ठेवलं.